धाकल्या देवीची बोळवण

अमरावती,
माघ शुद्ध ६, शके १७८६

चि. किसन यास,

माणिकबाईचा दंडवत. तुझ्याहून आठ वर्षांनी मोठी आहे, आशीर्वादच द्यायला हवा. पण आमच्या पंथात लहानथोर न बघता दंडवत घालतात, तेव्हा मुकाट्यानं घे. पत्र फाडायचं असेल तर वाचून फाड. हा कागद मिळवायला मला तीन दारं फिरावी लागली आहेत.

नऊ वर्षांत हे माझं पहिलं पत्र. तू विधवा बहिणीला घराबाहेर काढलंस ते बरोबर की चूक, हे भांडण मी आज काढत नाही. तुझी खबर मला कापसाच्या गाडीवानांकडून कळत असते. कुठे तरी सात समुद्रांपलीकडे भावाभावांची लढाई जुंपली आहे, म्हणून आपल्या काळ्या मातीतल्या कापसाला सोन्याचा भाव आला आहे, आणि तू बैलांच्या शिंगांना चांदी मढवली आहेस म्हणे. मढव बाप्पा, बैल कुठे तक्रार करतात! अकोल्यात देवीचं चुनेगच्ची देऊळ बांधलंस, हेही कळलं. आणि तुला मुलगी आहे, रुख्मिणी, चार वर्षांची, एका गालावर खळी. परक्या गाडीवानाला ती खळी दिसते आणि सख्ख्या आत्याला दिसत नाही, याचा मला राग येतो. येऊ दे.

हे पत्र तिच्यासाठी आहे. बऱ्हाणपुराकडे देवीची साथ आहे आणि तुमच्या कापसाच्या गाड्या तिकडून येताना ती बरोबर घेऊन येतात. चैत्र-वैशाखात ती अकोल्यात शिरणार, हे सांगायला ज्योतिषी नको. तुझा जानू देवीत गेला. त्याच्यानंतरचा मुलगा देवीत गेला. आता ही एक उरली आहे.

इथल्या सरकारी दवाखान्यात सूर्यभान नावाचा टीके टोचणारा आहे. वरूडकडचा माळी, चाळिशीचा, भित्रा आणि प्रामाणिक. एका पोराच्या दंडावर फोड आला की आठव्या दिवशी त्यातलं पाणी नस्तराच्या टोकावर घ्यायचं आणि दुसऱ्या पोराच्या दंडात टोचायचं. त्याच्या दंडावर आठव्या दिवशी फोड भरतो, मग तिसऱ्याच्या. ज्याला हा एवढासा फोड आला त्याला मोठी देवी येत नाही. "आंब्याचं कलम करतो ना बाई, तसंच हे," तो म्हणाला. पण एक आहे. आठव्या दिवशी पुढचं पोर मिळालं नाही तर पाणी वाळून जातं आणि सगळी साखळी तुटते. मुंबईहून काचेत घालून लस येते ती उन्हानं मरून येते. जिवंत लस फक्त जिवंत दंडावरच राहते.

तो दारोदार जातो आणि बायका त्याला शेणगोळे मारतात. परवा मी भिक्षेला उभी होते त्याच दारात त्याला मारले. पागोटं झटकीत तो मला म्हणाला, "तुमी मानभाव ना? तुमी तं देवीले भेत नाही. चला न मग माह्यासंगं."

खरं आहे. आम्ही एका परमेश्वराला मानतो, देवीदेवतांना पुजत नाही. म्हणून तर लोक आमचे काळे कपडे बघून दार लावतात आणि वर 'करणी कसाबाची, बोलणी मानभावाची' असं ऐकवतात. मी आमच्या थोरल्या पार्वताबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "तुला आटन करायचंच आहे, गावोगाव फिरायचंच आहे, तर एका फोडाच्या मागं फीर. वाईट काय आहे त्यात?"

तेव्हा मी निघाले. अमरावतीहून नांदगाव, लोणी, मूर्तिजापूर, बोरगाव, अकोला. प्रत्येक गावी आठ दिवस. होळीच्या सुमारास अकोल्याच्या शिवेवर पोचते. आमच्या आचारात नातलगांचा उंबरा चढायचा नसतो आणि तूही मला चढू देणार नाहीस, म्हणजे या एका गोष्टीत आपलं एकमत आहे. रुख्मिणीला शिवेवर घेऊन ये. एवढंच मागते.

माणिक

नांदगाव खंडेश्वर,
माघ वद्य ५

किसन,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. थोडं वाटलं होतं.

अमरावतीहून निघताना एका सुताराचं पोर बरोबर घेतलं, त्याच्या दंडावरून इथे चार पोरांना टोचलं. एकाचे आईबाप कापूस वेचायला दुसऱ्या गावी निघून गेले, पोरासकट. दोघांनी खाजवून फोड फोडले. उरली ती शकुनची जयवंता. शकुन म्हणजे इथली एक कास्तकाराची सून, नवरा महिनाभर गाडी घेऊन खामगावला. जयवंता तीन वर्षांची. तिच्या दंडावर असा फोड भरला आहे की सूर्यभान त्याच्याकडे बघून हात जोडतो.

आणि इथेच घोटाळा झाला. हात त्यानं एकट्यानंच जोडले नाहीत. फोड वर आला तशी शेजारची आशाबाई बघायला आली, तिनं ओरडून सगळी आळी गोळा केली: पोरीच्या अंगात देवी आली! दाराला कडुलिंबाचे डहाळे लागले. घरात फोडणी बंद झाली. शकुननं चार दिवस केस विंचरले नाहीत. जयवंताला पाटावर बसवून पायावर पाणी घालतात, दंडाला हळदकुंकू लावतात, आणि ती पोरगी आरती चालू असताना नैवेद्याचा दहीभात खाते. मला हसू आवरेना. ज्या लोकांनी आम्हाला शेणगोळे मारायचे ते आमच्या फोडाची पूजा करीत आहेत, याहून मोठा विजय कोणता, असं मी सूर्यभानाला म्हणाले. तो रडायच्या बेतात होता.

तो काहून रडतो ते मला मग समजलं. उद्या आठवा दिवस. त्यानं पेटीतून नस्तर काढलं मात्र, दहा बाया आडव्या आल्या.

"देवीच्या आंगाले लोखंड लावता? गाव जाळाचा हाय काय तुमाले?"

शकुन पोरीला पोटाशी धरून आत गेली. अमरावतीला मागे आता एकही भरलेला फोड नाही. जयवंताच्या दंडावर जे आहे तेवढंच आहे, सगळ्या वऱ्हाडात म्हण. उद्या ते निघालं नाही तर परवा वाळेल, आणि मी अकोल्याला रिकाम्या हातानं येईन.

आशाबाईनं मला एक वाट सांगितली. "तू देवीच्या पाया पड, तोंडानं तिचं नाव घे, कौल माग. तिनं उजवा दिला तं लावा लोखंड."

एवढंच. वाकायचं आणि उठायचं. पंथाबाहेर जाईन, पण रुख्मिणीच्या बदल्यात ते काही मोठं नाही. तू असतास तर म्हणाला असतास, वाक, काय झिजतं तुझं? काय झिजतं ते मी तुला पुढे कधी तरी सांगेन. उद्या काय करीन ते आत्ता मला माहीत नाही.

माणिक

लोणी,
माघ वद्य ८

किसन,

वाकले नाही. आणि साखळी तुटली नाही. हे दोन्ही मी मोठ्या अक्षरांत लिहिलं असतं, पण कागद पुरत नाही.

सकाळी शकुनच्या अंगणात पन्नास माणसं होती. मी मध्ये उभी राहिले आणि म्हणाले, "मी देवीच्या पाया पडणार नाही. पडले तर ते खोटं होईल, आणि खोटं बोलून लेकराच्या अंगाला हात लावणार नाही. पण लोखंड लावल्याचा दोष ज्याला लागायचा त्याला लागू द्या. सूर्यभान तुमच्यातला आहे, त्याला देवीची भीती आहे. मला नाही. नस्तर मी धरते. कोप होईल तो माझ्यावर."

किसन, मी आयुष्यात मुंगी मारलेली नाही. पाणी गाळून पिते. आणि नस्तर मागत होते. सूर्यभान हळूच म्हणाला, "रगत नाही निघाले पायजे बाई, नुसतं टोक टेकवा, कलमाची साल उचलतो तसं."

तरीही बाया हटल्या नाहीत. त्यांचं म्हणणं असं की कोप माझ्यावर झाला तरी देवी रागावून गावात राहील ती राहीलच. त्यात खोट काढता येईना. तेव्हा आशाबाई, तीच, कमरेवर हात ठेवून बराच वेळ जयवंताकडे बघत राहिली. आजवर तिनं चार नातवंडं देवीत पोचवली आहेत. ती म्हणाली, "हे देवी थे नव्हे."

बाया तिच्याकडे वळल्या.

"थे येते तं लेकरू भाजून काढते. डोये जातात. हिले ना ताप, ना काही. एकच फोड, आन् पोट्टी दहीभात खाऊन राहिली. हे तिची धाकली बहीण व्हय. धाकली येऊन गेली म्हंजे मोठी त्या घरी येत नाही, बहिणीच्या घरी बहीण कायले जाईन? आता हिले ठेवून घेता काय? पाहुणीले आठ दिवसांनी बोळवतात. बोळवा तिले."

तुला माहीत आहे ना आपल्याकडची रीत, साथ सरली की खणानारळानं ओटी भरून, वाजत गाजत देवीला गावच्या शिवेवर सोडून येतात. त्या रीतीनं सगळं सोपं झालं. धाकलीला बोळवायची तर ती जिच्या दंडावर बसली आहे तिथून उठवलीच पाहिजे. उठवून दुसऱ्या दंडावर बसवली पाहिजे. आणि उठवायला आशाबाईच्या मते मानभावीणच हवी, कारण देवीची माणसं तिला 'जा' कसं म्हणणार?

अशी मी, जिनं देवीचं नाव घ्यायचं नाकारलं ती, डफड्याच्या मागून आणि शकुनच्या पुढून, काळ्या लुगड्यात, लोणीच्या शिवेपर्यंत मिरवत आले. मी तिला देवी म्हणाले नाही. धाकलीही म्हणाले नाही. पण कुणाला खोडलंही नाही. सूर्यभानाला विचारलं, हे असत्य होतं का? तो म्हणाला, "बाई, आंब्याले कोणी हापूस म्हणते कोणी गावरान. कलम लागल्याशी मतलब." तुझ्यासारखा व्यापारी झाला असता हा माणूस.

शिवेवर लोणीचे लोक काठ्या घेऊन उभे होते. त्यांचंही बरोबर होतं, कोणतं गाव दुसऱ्याची देवी मुकाट्यानं घेईल? शकुननं जयवंताला कडेवरून खाली सोडलं. ती सरळ बोरीखाली पळाली, बोरं वेचून तोंडात टाकू लागली. लोणीची एक बाई पुढे आली, तिनं पोरीचं कपाळ चाचपलं, दंड पाहिला, जीभ पाहिली.

"हिले देवी आली?"

"आली न. धाकली. चालली आता. तुमाले नसन पायजे तं आमी मूर्तिजापूरले नेतो." शकुनचं हे शेवटचं वाक्य मला सुचलं नसतं. लोणीच्या माणसांना एकदम वाटलं की आपल्या हातून काहीतरी निसटतं आहे. काठ्या खाली आल्या.

नस्तर मी धरलं. पाण्याचा थेंब टोकावर आला, उन्हात स्वच्छ, आणि रक्त आलं नाही. लोणीच्या पाच पोरांना टोचलं. मग मी बाभळीमागे जाऊन हात धुतले, दोनदा.

माणिक

बोरगाव,
फाल्गुन शुद्ध १२

किसन,

लोणीहून मूर्तिजापूर, मूर्तिजापुराहून बोरगाव. आता आमच्या आधीच बातमी पोचते. मूर्तिजापुरात कापसाच्या गंज्यांमधून वाट काढत आम्ही गेलो तर तिथल्या बाया ओट्या घेऊन वाट बघत होत्या. एकीनं मला विचारलं, "धाकली आमच्याकडं दोन दिस जास्त राहीन काय?" मी म्हणाले, तिचा नियम आठाचा आहे.

पण इथे तुला एक गोष्ट सांगायला हवी, लपवून आणली तर ती लस लस राहणार नाही. बोरगावात सहांना टोचलं. वरच्या आळीतल्या पाचांचे फोड धरले नाहीत, सूर्यभान म्हणतो उन्हाचा तडाखा लागला. एकच धरला, महारवाड्यातल्या एका पोराचा. पोर धडधाकट, फोड मोत्यासारखा. अकोल्याच्या शिवेवर मी घेऊन येणार आहे तो तोच. परमेश्वराकडे जात नाही असं आमच्या पंथात शिकवतात, आणि सूर्यभान म्हणतो त्याच्या डॉक्टरांच्या पुस्तकातही लसीला जात लिहिलेली नाही. दोघांची पुस्तकं वेगळी, पण या पानावर जुळतात. तुझं काय, ते तू ठरव.

आता राहिलेलं भांडण.

जानू आजारी पडला तेव्हा मी तुझ्या घरात होते. नुकताच उपदेश घेतला होता, काळं नेसत होते. तू म्हणालास, देवीला रोज सात घागरी पाणी घाल, घरातल्या थोरल्या बाईनं घालायचं असतं. मी नाही म्हणाले. जानू गेला. तू सगळ्या भाऊबंदांसमोर म्हणालास, "हिच्या हट्टानं माहं पोरगं गेलं." तू दार दाखवलंस आणि मी चालती झाले.

किसन, मी पाणी घातलं होतं. तुला नाही म्हणाले आणि पहाटे सगळे उठायच्या आत ओढ्यावरून सात घागरी आणून घातल्या. सहा दिवस. नाव घेतलं, पदर पसरला, कपाळ दगडावर टेकलं. व्रत मोडलं. पोराचा श्वास घरात मला ऐकू यायचा आणि मी वाकायची. सातव्या दिवशी तो गेला.

मी तुला सांगितलं नाही आणि पंथातही सांगितलं नाही. दोन्हीकडे खोटी राहिले. नांदगावला वाकले नाही त्याचं कारण हे. नुसतं वाकल्यानं काय होतं ते मला माहीत होतं. पार्वताबाईंना काल पत्र धाडून कबूल केलं आहे. त्या काय प्रायश्चित्त देतील ते देवोत.

म्हणून माझ्यावर राग धर, पण त्या कारणासाठी नको. आणि पौर्णिमेला रुख्मिणीला घेऊन ये.

माणिक

अकोला, मोर्णेच्या काठी,
फाल्गुन वद्य ४

किसन,

तू खामगावला आहेस, हे मला शिवेवर आल्यावर कळलं. हे पत्र गोवर्धन मुनीम तुझ्या हातात देईल. आधीची तीन पत्रं तू उघडलीच नाहीस, देवळात मूर्तीमागे ठेवून दिलीस, हेही कळलं. फाडली नाहीस. एवढ्यावर मी आठ दिवस जगू शकते.

चौथं आलं तेव्हा तू घरी नव्हतास. तुझी बायको दुर्गाबाई मुनिमाला म्हणाली, चारही वाच. तो म्हणाला, मालकांची आहेत. ती म्हणाली, "लेकरू कोणाचं हाय?" त्यानं वाचली.

होळीच्या दिवशी गाव गोवऱ्या रचत होतं तेव्हा तुझी बायको तुला न विचारता, पोरीला कडेवर घेऊन शिवेवर आली. बरोबर शेजारच्या दोघी, त्यांची पोरं. नऊ वर्षांत ती म्हातारी झाली आहे, तू बघत नसशील. मी म्हणाले, बाई, फोड कोणाचा आहे माहीत आहे ना? घरी गेल्यावर किसन काय करील?

ती म्हणाली, "त्या पोराच्या दंडाले जात नाही दिसून राहिली मले. फोड दिसून राहिला. टोचा."

टोचलं. रुख्मिणी रडली, मग मला विचारलं, तुझे कपडे काळे काहून? मी म्हणाले, धुवायला सोपे. तिला पटलं.

आज पाचवा दिवस, तिघांचेही फोड वर येत आहेत. वद्य सप्तमीला आठवा. नदीकाठी पोरं येतील, वाशीमवेशीकडून, महारवाड्यातून, तुझ्या देवळाच्या पुजाऱ्याच्या घरातूनसुद्धा. तू त्याआधी परत येशील. रुख्मिणीला कोंडून ठेवायचं ठरवलंस तर ठेवू शकतोस. तिचं काम झालं आहे, ती वाचली. पण तिच्या दंडावर जे आहे ते बाकीच्यांचं आहे. ते वाळू द्यायचं की नाही, हे तुझ्या हातात आहे.

माणिक

बाळापूर,
फाल्गुन अमावास्या

किसन,

सप्तमीला सकाळी तू काठावर आलास तेव्हा तुझ्या हातात काठी होती. सूर्यभान माझ्या मागे लपला. मग तू काठी वाळूत टाकलीस, मांडी घातलीस, पोरीला मांडीवर घेतलंस आणि डोळे गच्च मिटलेस. "काढ बाई," म्हणालास. "लवकर काढ."

शेवटपर्यंत तू डोळे उघडले नाहीस, म्हणून काय झालं ते तुला सांगायला हवं.

रुख्मिणी रडली नाही. तुझ्या मिशीचं टोक धरून बसली होती. तिच्या फोडातून पहिलं टोचलं ते महारवाड्यातल्या एका तान्ह्या पोरीला. तुझ्या पुजाऱ्याचा नातू तिच्यानंतर. आता हे वाचून तू जरा वेळ बसून राहशील, बस. मग तुझा गाडीवान चार पोरं घेऊन आला. मग ज्या बायका नुसत्या बघायला आल्या होत्या त्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि घरी पळाल्या, पोरं आणायला. तिघांच्या दंडांवरून एकतीस टोचून झाली. दुर्गाबाई पदर खोचून पोरांना रांगेत बसवीत होती, जणू जन्मभर हेच केलं आहे. सूर्यभान शेवटच्याला टोचून उठला आणि एवढा मोठा माणूस, नस्तर पुसता पुसता हुंदके देऊ लागला. मला विचारशील तर मी हसत होते. मोठ्यानं. काठावरच्या बायका म्हणाल्या, मानभावीण येडी झाली.

तू मध्येच विचारलंस, "थे पाणी घातलं व्हतं, मंग सांगतलं काहून नाही?" माझ्या हातात नस्तर होतं, उत्तर दिलं नाही. आता देते.

पोर गेल्यावर माणसाला कुणावर तरी रागवावं लागतं. देवीवर रागावायची तुला भीती होती. दुर्गाबाईवर रागावला असतास तर ती मेली असती. उरले मी. मला वाटलं, मला सोसेल. सोसलंही. फक्त नऊ वर्षं लागतील असं वाटलं नव्हतं.

बाळापूरला यायला तू गाडी दिलीस. भरलेली होती, ऐन भावात. तूच कापसाचे गठ्ठे उतरवून अंगणात टाकलेस आणि त्या जागी एकतीसांतली फोड भरलेली तीन पोरं आणि त्यांच्या आया बसल्या. इथे वेशीवर बावीस पोरांना टोचलं. पुढे पातूर, असं सूर्यभान म्हणतो. पार्वताबाईंचं उत्तर इथे गाठलं: व्रत मोडल्याचं प्रायश्चित्त म्हणून पन्नास गावं चालायची. मी मोजायला सुरुवात केली आहे, सहा झाली.

माणिक

रिद्धपूर,
वैशाख शुद्ध ३, शके १७८७

किसन,

तुझं पत्र मिळालं. नऊ वर्षांतलं पहिलं. तू असं लिहिलं आहेस:

"देवी आली. आमच्या बाजूला सतरा घरी गेली. नऊ लेकरं गेली. थोरला रामा गाडीवान गेला. आपल्या एकतीसांपैकी एकाच्याही अंगाला लागली नाही. रोज सकाळी मी फिरून मोजून येतो. रुख्मिणी अंगणात खेळून राहिली. अजून काय लिहू."

काही लिहू नकोस. मी ते पत्र इथे आमच्या मठात सगळ्यांना वाचून दाखवलं. ज्यांची नऊ लेकरं गेली त्यांच्यासाठी डोळ्यांना पाणी आलं, ते येणारच. आम्ही आठ दिवस आधी निघालो असतो तर, असं मनात येतं आणि झोप मोडते. पण त्या खालोखाल मला असा आनंद झाला आहे की तो लपवणं या वयात मला जमणार नाही. एकतीस, किसन! देवी दारावरून गेली आणि एकतीस पोरं आत हसत बसली होती.

सूर्यभान अमरावतीहून आला होता. आता त्याला शेणगोळे कुणी मारत नाही. उलट कार्तिकात आमच्याकडे आधी या म्हणून तीन गावं भांडत आहेत. तोवर तो अमरावतीतच दंडावरून दंडावर साखळी चालू ठेवणार आहे, आणि आम्ही कार्तिकात पुन्हा निघतो आहोत. नांदगावहून आशाबाईचा निरोप आहे, ह्या खेपेला डफडं मोठं न्यायचं.

पोरीला अंगणात कोंडू नको. साथ आहे म्हणून दार लावशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे. दार उघड. तिला बाही नसलेली चोळी घाल आणि आळीतून सोड, सतराही घरांवरून. म्हणावं, पळ. दंड उघडा टाकून पळ. सगळ्या अकोल्याला तो वण दिसू दे.

माणिक